रुख्मिणीची अळी

हिंगणी, ९ एप्रिल २०२५

रुखमे,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुह्या कपाळाले आठी पडली असन. फाडाचं असन तं फाड, पण वाचून फाड. फोन तू उचलत नाई. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तं माहा आवाज ऐकूनच ठेवतं. म्हून कागद घेतला. सात वर्षं कृषी सखीची रजिस्टरं भरून राह्यली, तेवढा हाताले सराव आहे.

आम्ही बरे आहो. म्हणजे माहे गुडघे गेले, माह्या मालकाचा, म्हणजे तुह्या भासऱ्यांचा, खोकला गेला नाई, अन् बोर धरणाकडच्या वावरात रानडुकरं पोटभर जेवून राह्यली. या वयात याच्यापेक्षा बरं काय असते? तुमचं वावर ज्याले मक्त्यानं देलं तो यंदा तूर टाकतो म्हणते. तिकडं नालवाडीले होस्टेलच्या मेसमधी तुले सकाळी किती वाजता जा लागते, एवढ्या पोट्ट्यांच्या पोळ्या तू एकटी लाटतं का मदतीले कोणी आहे, हे सारं मले दुसऱ्याकडून समजते. आपण जावा जावा, एका चुलीवर अकरा वर्षं राबलो, वेगळं निंघाल्यावर बी शेजारीच राह्यलो, अन् तुही खबर मले भाजीवाल्याकडून लागावी.

असो. कामाचं लिहिते.

मागच्या आठवड्यात अंकिता नावाची पोट्टी आलती. कॉलेजात किड्यांवर शिकून राह्यली. खांद्याले झोला, पायात बूट, अन् बोलणं एवढं गोड की मले पहिले संशयच आला. मक्यावरची अळी आपल्या तालुक्यात कवा आली, पहिले कोणत्या गावात दिसली, कोणाच्या वावरात, अन् लोक तिले काय म्हणतात, याचं पुस्तक छापून राह्यले म्हणे. गावोगाव वाटणार, शाळेत बी ठेवणार. तिनं कागद काढून वाचून दाखवलं, "स्थानिक नाव, रुख्मिणीची अळी." मंग मले विचारते, "काकू, या रुख्मिणीबाई कोण? त्यांचा फोटो मिळालाय, पूर्ण नाव पाहिजे होतं."

म्या म्हटलं, ती गावात राहत नाई, नंबर नाई माह्यापाशी.

नंबर आहे. ते तं तुले बी माहीत आहे.

मे महिन्याच्या आखरीले पुस्तक छापाले जाणार. तुहं नाव अन् फोटो त्याच्यात आला तं तुले चालन काय, एवढंच विचाराचं होतं. हो का नाई ते कळवजो.

तुही
मंदा

हिंगणी, २४ एप्रिल

रुखमे,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाई. मी बी काय शहाणी! चालन काय म्हणे. असं कोणाले चालते व माय?

अंकिता पुन्हा आलती. चहा पिता पिता तिनं त्या किड्याची सारी कुंडली सांगतली. मूळ गाव अमेरिका. तिथून आफ्रिकेत गेला, २०१८ मधी कर्नाटकात उतरला, अन् दुसऱ्या वर्षी आपल्या दारात. पाखरू पाह्यलं तं मातकट, दोन बोटांच्या चिमटीत मावन एवढं. पण वाऱ्यावर बसलं की एका रातीत शंभर किलोमीटर जाते. मादी एका जागी शंभर-दीडशे अंडी घालते अन् वरून आपल्याच अंगावरची लव पांघरते. शास्त्रातलं नाव माह्या तोंडात मावत नाई, त्याचा अर्थ म्हणे पीक बुडवणारी. सरकारी नाव लष्करी अळी. निंदणाच्या टोळीची मनकर्णाबाई बाजूले बसलती, ती म्हणते, "लष्करी? म्हणजे पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतून सुटली काय व?" पोट्टी एवढी हासली की चहा सांडला.

मी बी हासली. मंग पोट्टीनं विचारलं, "सरकारी नाव असताना हे दुसरं नाव कसं पडलं?"

मनकर्णाबाईनं सरळ सांगून टाकलं, "ज्याच्या वावरात पहिले दिसलं त्याचं नाव. आमची रीतच आहे." अन् अण्णाजीच्या गवताची गोष्ट सांगतली. अण्णाजी मरून वीस वर्षं झाली, तरी त्याची नातसून नळावर आली की बाया म्हणतात, तुह्या बुढ्याचं गवत लय माजलं व यंदा. आपण बी म्हणत होतो. टोळी निंदाले सेलूपर्यंत जाते, तिच्यासंगं नाव जाते. मले वाटते त्या पाखरापेक्षा मनकर्णाबाईची टोळी जास्त उडते.

पण गवताच्या नावानं अण्णाजीचं काही बिघडलं नाई. अळीचं तसं झालं नाई. ते आम्ही दोघींनी बी पोट्टीले सांगतलं नाई.

मृग लागला की तिफण वावरात घालाच्या आधी गाव तुह्या हातची मूठ धरत होतं. ओटी भरून तुले नेत, तू पहिली मूठ मातीत टाकली की मंग बाकीचे पेरत. तुह्या हाताले बरकत आहे म्हणत. नऊ वर्षं. आपल्या घराची एवढी इज्जत, मायची आन, दुसऱ्या कशानं झाली नाई. मंग २०२० च्या मृगात तू न्हाऊन-धुऊन, हिरवं लुगडं नेसून ओट्यावर बसली. दुपार झाली. कोणी आलं नाई. अळीच्या बाईचा हात बियाण्याले नको, असं बाया आपसात बोलल्या, पण तुह्या तोंडावर एकीनं बी सांगतलं नाई. म्या तुले म्हटलं, करोना आहे, यंदा गावानं मूठच धरली नाई.

ते खोटं होतं. मूठ धरली गेलती. गुडघा ठणकून राह्यला, बाकीचं मंग लिहीन.

मंदा

हिंगणी, ६ मे

रुखमे,

दुसरं पत्र परत आलं. नवीन पाकीट, वर माहा पत्ता तुह्या हाताचा, आत माहंच पत्र अन् तुहं एक अक्षर नाई. पण कागदाच्या घडीत कणीक सापडली. म्हणजे तू वाचलं, अन् मेसमधीच वाचलं. बरं वाटलं. मंग बरं वाटलं म्हून माहीच मले चीड आली.

आता लिहितेच. तुहे भासरे म्हणतात, "झालं-गेलं उकरून काय कोंबडं निघणार आहे?" त्यायले सारं माहीत आहे. तेच होते माह्यासंगं.

मूठ म्या धरली. तुले हे समजलंच असन, गावात काय झाकून राहते? पण माह्या तोंडून तू ऐकलं नाई. मनकर्णाबाई माह्याकडं आली, म्हणते, घर तं तेच आहे, रुख्मिणी नाई तं मंदी. म्या नाई म्हणाले पाह्यजे होतं. म्या डोक्यावर पदर घेतला अन् मागच्या दारानं निंघाली, कारण समोरच्या ओट्यावर तू बसलती. तवापासून पाच वर्षं मीच धरून राह्यली.

एवढंच असतं तरी तुह्या पायावर डोकं ठेवून मोकळी झाली असती. पण हे तं शेपूट आहे. मुंडकं मागं आहे.

२०१९ चा श्रावण. माह्या वावरात तो पिवळा बोर्ड लागला होता, आदर्श प्रात्यक्षिक, मका. मंगळवारी मोठे साहेब पाहाले येणार होते. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी मी गेलती तं चार-पाच झाडांच्या पोंग्यात, शेंड्याच्या गुंडाळल्या पानांत, लाकडाच्या भुश्यासारखं पडलेलं. पोंगा उघडला. आत ती. डोक्यावर इंग्रजीतला उलटा वाय, शेपटीकडं चार ठिपके. महिनाभर आधीच आमचं ट्रेनिंग झालं होतं, फोटो पाठ होता. गावात तिले ओळखणारी मी एकटी होती, रुखमे. अन् लपवणारी बी मीच.

तीन दिवस आम्ही दोघांनी वेचल्या. साबणाच्या पाण्याची बादली, अन् पोंग्यात राख. तुही मका धुऱ्याच्या, मधल्या बांधाच्या, पल्याड, कमरेएवढी, काळीभोर. तू तिकडून आवाज देला, "बाई, काय वेचून राह्यल्या व एवढं?"

म्या म्हटलं, "काही नाई, पिवळी पानं खुडतो."

तवा सांगतलं असतं तं तुह्या वावरातली अंडी बी हातानं वेचता आली असती. तू राख टाकली असती. एक बादली अजून लागली असती फक्त. पण तुले सांगतलं असतं तं तू पोट्टीसारखी गावभर सांगत सुटली असती, बाई पाहा काय नवीन आलं म्हणून, तुह्या पोटात काही राहत नाई. अन् माहा बोर्ड उतरला असता. पत्र्याचा एक बोर्ड होता तो. आता गोठ्याच्या भोकाले लावला आहे.

सोमवारी कृषी सहायक आला सर्वे कराले. "मंदाबाई, गावात कुठं दिसली काय?" माह्या वावरात राख अन् सफाई झालती. म्या त्याले धुरा ओलांडून तुह्या वावरात नेलं. मले माहीत होतं तिथं असणार. त्यानं तुले हातात पान धरून उभं केलं अन् फोटो काढला. तू हासून राह्यली होती त्या फोटोत. वावरात आपला फोटो कोणी काढते याचंच तुले कौतुक. तो फोटो संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या फोनमधी गेला, अन् दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईच्या टोळीनं नाव ठेवलं. मंगळवारी माही मका पाहून साहेबांनी मले शाल देली.

पाखरू माह्या वावरातून तुह्या वावरात गेलं. नाव बी तसंच म्याच धुऱ्यावरून नेलं. हे लिहाले सहा वर्षं लागली, अन् लिहून झालं तं एका पानात बसलं.

मंदा

हिंगणी, २३ मे

रुखमे,

ते पत्र परत आलं नाई. त्याचा अर्थ काय काढाचा, मले समजत नाई, अन् विचारत बी नाई.

अंकिताले सारं सांगतलं. तिनं लिहून घेतलं, तारीख बदलली, वावर बदललं. पहिली नोंद आता आमच्या वावराची, तुहे भासरे रूपराव अन् मंदा. तुहा फोटो म्या पुस्तकातून काढाले लावला. पण स्थानिक नावाजवळ तिची पेन्सिल थांबली. म्हणते, "काकू, नाव मी ठरवत नाही. लोक जे म्हणतात तेच लिहायचं असतं. बायांना विचारावं लागेल."

म्हणजे पुन्हा मनकर्णाबाई.

परवा समाजमंदिरात बचतगटाची मीटिंग होती, एकवीस बाया. अंकिता बी कोपऱ्यात बसलती. रजिस्टर म्या मांडीखाली दाबून ठेवलं. म्या उभी राहून सांगतलं. बादली, राख, पिवळी पानं, सारं. तुले लिहिलं तेवढंच, त्याच क्रमानं, कारण दुसऱ्या कोणत्या क्रमानं मले येतच नोतं. शेवटी म्हटलं, ती अळी माही आहे. आजपासून मंदीची म्हणा.

मले वाटलं आता शिव्या पडतीन. शिव्या पडल्या असत्या तं बरं झालं असतं. आनंदाबाई, आपल्या मागच्या गल्लीतली, तुह्यासंगं सरपणाले जात होती ती, रडाले लागली. मनकर्णाबाईनं तंबाखू थुंकली अन् म्हणते, "नाव काही ओटीतला नारळ नाई व मंदे, एकीच्या पदरातून काढला अन् दुसरीच्या टाकला. ते तोंडात बसलं की बसलं." मंग माह्याकडं वळली. म्हणते, "अन् हे सारं पोटात ठेवून तू मूठ कशी धरली? पाच वर्षं? आमच्या बियाण्यात हात घातला तू."

याचं उत्तर मी पाच वर्षांपासून शोधून राह्यली. सापडलं असतं तं तुलेच पहिले लिहिलं असतं.

बाया चहा न पिता उठल्या. दोन गंज भरून चहा तसाच राह्यला, तुह्या भासऱ्यांनी अन् म्या रात्रीपर्यंत पिला. सखीचं काम बी काढून घेतीन असं दिसते. घ्या म्हणा, गुडघे तं कवाचेच नाई म्हणून राह्यले.

एक गोष्ट तुले सांगते. अंकिता जाताना म्हणाली, "काकू, बरं केलंत." मी तिच्यावर खेकसली. म्हटलं, बरं करणाऱ्या बाईले सहा वर्षं लागत नाई. बिचारी गप बूट घालून निंघून गेली. उगाच बोलली मी.

मंदा

हिंगणी, ११ जून

रुखमे,

हे आखरी. याच्यानंतर तुले त्रास देत नाई.

पुस्तक छापून झालं. अंकितानं फोनवर पान पाठवलं. स्थानिक नावाची ओळच काढून टाकली तिनं, फक्त लष्करी अळी ठेवलं. तुहा फोटो नाई, तुहं नाव कोणत्याच पानावर नाई. म्या चष्मा लावून दोनदा पाह्यलं. तेवढ्यासाठी निश्चिंत राहजो.

आता आजचं सांगते. सकाळी ओमप्रकाशच्या कृषी केंद्रात गेलती, सापळ्यातल्या गोळ्या आणाले. नर पाखरं ज्यायच्या वासानं येऊन पडतात त्या. दुकानात एक बाई उभी होती, सेलूकडची असन, मी तिले ओळखत नाई अन् ती मले ओळखत नाई. डोक्यावर पदर, हातात कापडी थैली, संग उन्हाळी मक्याचं एक खाल्लेलं पान. काउंटरवर पान ठेवलं अन् म्हणते, "भाऊ, मंदीच्या अळीची दवाई द्या."

एवढ्या लवकर गेलं नाव. तीन आठवड्यांत. मनकर्णाबाईच म्हणत होती नाव हलत नाई म्हणून.

ओमप्रकाशनं माह्याकडं पाह्यलं अन् मान खाली घातली. "अच्छा, वो लष्करी. हो, देतो ना," म्हणून उगाच खोक्यात शोधत राह्यला. ती बाई अजून बोलूनच राह्यली, "ही मंदी कोण व्हय, मालूम नाई बाप्पा, पण तिनं आमचं वाटोळं केलं."

मले वाटलं होतं, माहं नाव माह्या माथी आलं की हलकं वाटन. म्याच तं मागून घेतलं होतं. रुखमे, काही हलकं वाटलं नाई. अंगाची आग झाली. तिचा दंड धरून सांगावं वाटलं, बाई, मंदी म्हणजे मी, दोन लेकरं वाढवली, सासू-सासऱ्यांचं खाटेवरचं सारं केलं, आयुष्यात कोणाच्या पिकाले हात लावला नाई, ती अळी अमेरिकेतून आली, माह्या पोटातून नाई. मंग त्या बाईवर राग, मनकर्णाबाईवर राग, अन् खोटं काऊन सांगू, तुह्यावर बी राग आला. गोळ्या तिथंच राह्यल्या. चौकातून याची हिंमत झाली नाई, मागच्या गल्लीनं घरी आली अन् दार लावून ढसाढसा रडली. म्हातारपणी असं रडणं शोभत नाई. तुहे भासरे बाहेरून विचारत राह्यले, कोण गेलं म्हून.

एकदा ऐकलं म्या. एकदा, अन् ते बी केलेल्या गोष्टीसाठी. तू न केलेल्यासाठी सव्वा वर्ष रोज ऐकलं. त्याच नळावर पाणी भरलं, त्याच बायांच्या बाजूनं निंदाले बसली, अन् संध्याकाळी माह्या घरी ताकाची वाटी आणून देत राह्यली. त्या वाट्या मी घेत होती, पुसून परत देत होती. आज समजलं तू गाव काऊन सोडलं. इतके दिवस मले वाटत होतं की मले समजलं आहे.

मूठ या रविवारी आहे. मनकर्णाबाई अन् तिघी जणी शुक्रवारी तुह्याकडं नालवाडीले येणार आहेत, हळद-कुंकू घेऊन, तुले मूठ धराले बोलवाले. म्या धाडल्या नाई, त्यायच्याच मनानं येऊन राह्यल्या. मले तं आनंदाबाईनं कुंपणावरून सांगतलं. बायांच्या तोंडाचा भरवसा नाई, आज एक बोलतीन, उद्या दुसरं. त्यायले उंबऱ्यावरून परत धाडशीन तरी तुहं चुकलं असं मी म्हणणार नाई, अन् दुसऱ्या कोणाले म्हणू देणार नाई.

आलीच तं मी वावरात नसन. पुलगावले बहिणीकडं जाऊन बसते दोन दिवस. तू मूठ उघडशीन तवा लोकांनी तुह्या हाताकडं पाहावं, माह्या तोंडाकडं नाई.

माफी लिहिली होती या पानावर, चार ओळी. खोडून टाकल्या. मागितली तं द्यावी का नाई याचा विचार तुले करत बसा लागन, अन् माह्यापाई तुले अजून एक काम नको.

मंदा